ताऱ्याकडे किती वर्षे पाहायचे?

रमजान आला की एक व्हिडिओ हमखास फिरू लागतो. काळ्या पडद्यावर एक तारा गरगर फिरतोय, मागे टक् टक् असा ठोक्यांचा आवाज, आणि निवेदक भारावलेल्या स्वरात सांगतोय की कुरआनच्या ‘तारिक’ या सूरहमध्ये ज्या दार ठोठावणाऱ्या ताऱ्याचा उल्लेख आहे, तो म्हणजे हाच पल्सार. विज्ञानाला १९६७ साली जे कळले, ते आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेले होते. खाली ‘सुबहानल्लाह’ची रांग. पुढे पाठवा, सवाब मिळवा.

या प्रकारच्या दाव्यांवर धर्माच्या अंगाने बरेच बोलले गेले आहे. जुन्या मुफस्सिरांपैकी कुणी तारिकचा अर्थ रात्री उगवणारा कोणताही तारा असा घेतला, कुणी सुरैया म्हणजे कृत्तिका, तर कुणी जुहल म्हणजे शनी. त्यांच्यापैकी कुणालाही आपल्या श्रद्धेसाठी प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज वाटली नव्हती. त्या चर्चेत मी शिरत नाही. माझी तक्रार ताऱ्याच्या बाजूने आहे. तो आवाज, ते एकसारखे न चुकणारे टक् टक्, पल्सारच्या एका मोठ्या जमातीबाबत सपशेल खोटे आहे. जोडीदार ताऱ्यासोबत राहणारे, क्ष-किरण फेकणारे पल्सार एका ठेक्यात ठोकत नाहीत. ते वेग वाढवतात, कमी करतात, महिनोन् महिने तोंड लपवतात, वर्षानुवर्षे गप्प बसतात आणि एक दिवस पुन्हा सुरू होतात. हे कळायला माणसाला पन्नास वर्षे लागली. एका रात्रीत, एका दुर्बिणीतून, एका व्हिडिओतून ते कळण्यासारखे नव्हतेच.

मला बोलायचे आहे ते या पन्नास वर्षांविषयी.

आधी थोडी ओळख. सूर्यापेक्षा पुष्कळ जड तारा आयुष्याच्या अखेरीस फुटतो तेव्हा त्याच्या गाभ्याचा कधी कधी न्यूट्रॉन तारा होतो. वस्तुमान सूर्याच्या दीडपट वगैरे, आणि आकार चर्चगेट ते अंधेरी एवढा. चुंबकीय क्षेत्र इतके की पृथ्वीचे क्षेत्र त्याच्यापुढे काहीच नाही. हा गोळा एकटा असला तर रेडिओ लहरींचा झोत फिरवत हळूहळू थकत जातो. व्हिडिओतला पल्सार बहुधा हा. पण त्याला जोडीदार असेल आणि दोघे पुरेसे जवळ असतील, तर न्यूट्रॉन तारा जोडीदाराचा वायू ओढून घेऊ लागतो. तो वायू सरळ येऊन पडत नाही. मोरीत पाणी जाताना भोवरा करते तसा तो ताऱ्याभोवती तबकडीच्या आकारात फिरत फिरत आत सरकतो, शेवटी चुंबकीय क्षेत्राच्या तावडीत सापडून ध्रुवांपाशी आदळतो आणि कोट्यवधी अंशांना तापतो. इतकी तापलेली वस्तू क्ष-किरणांत झळकते. तारा फिरतो तशी ती झळकती जागा आपल्यासमोर येते आणि जाते. ती झाली स्पंदने.

क्ष-किरण आपल्या वातावरणातून खाली येत नाहीत, हे आपल्या प्रकृतीसाठी उत्तम आहे, पण खगोलशास्त्रासाठी गैरसोयीचे. म्हणून हे सगळे पाहायला वर जावे लागते. क्ष-किरणांच्या निरीक्षणालाच वाहिलेला पहिला उपग्रह १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या एका इटालियन समुद्री मंचावरून सोडला गेला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता. नासाच्या प्रकल्प व्यवस्थापक मार्जोरी टाउनसेंड यांनी त्याला ‘उहुरू’ हे नाव दिले. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. हा शब्द अरबी ‘हुर्र’वरून आला आहे, म्हणजे आपल्या ‘हुर्रियत’चा सख्खा भाऊ. ज्यांना आकाशात आपला वारसा शोधायचाच आहे, त्यांना हा एक खरा सापडलेला धागा मी फुकट देतो.

उहुरू जेमतेम सव्वादोन वर्षे चालला. पण त्याने १९७१ मध्ये सेंटॉरस एक्स-३ हा स्रोत दर ४.८ सेकंदांनी लुकलुकतो हे दाखवले. पुढे हेही दिसले की दर २.०९ दिवसांनी तो जोडीदाराच्या आड जातो, म्हणजे त्याला ग्रहण लागते. क्ष-किरण पल्सार जोडीत राहतात याचा हा पहिला पक्का पुरावा. या कामामागचे रिकार्दो जियाकोनी यांना २००२ साली नोबेल मिळाले. दोन वर्षांत नवे दार उघडता येते, हे उहुरूने दाखवून दिले. दारापलीकडे काय आहे हे मात्र दोन वर्षांत कळत नाही.

हर्क्युलिस एक्स-१ या ताऱ्याचे उदाहरण घ्या. तोही उहुरूनेच शोधला. हा स्वतःभोवती १.२४ सेकंदात फिरतो आणि जोडीदाराभोवती १.७ दिवसांत. याशिवाय त्याला तिसरे एक चक्र आहे, सुमारे ३५ दिवसांचे. दहा-अकरा दिवस तो प्रखर दिसतो, मग मावळतो, मग काही दिवस मंद दिसतो, पुन्हा मावळतो. कारण तबकडी सपाट नाही, टोपीच्या काठासारखी वाकलेली आहे, आणि ती डुलत असते. डुलताना ती आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये येते. तारा आहे तिथेच आहे, पडदा हलतोय.

आता समजा तुम्हाला या ताऱ्याकडे एकच दिवस दुर्बीण रोखायला मिळाली आणि नेमके पडद्याचे दिवस निघाले. तुम्ही लिहाल, इथे विशेष काही नाही. एक महिना मिळाला तर लिहाल, याला ३५ दिवसांचे चक्र आहे. दहा वर्षे मिळाली तर लिहाल की हे चक्रही घड्याळासारखे नाही, ते मागे-पुढे सरकते. १९८३ मध्ये युरोपच्या एक्सोसॅट उपग्रहाने पाहिले तेव्हा ठरलेल्या दिवशी तारा उगवलाच नाही. महिने गेले, तो दिसला नाही. १९९३ मध्ये पुन्हा तसेच झाले, आणि १९९९ मध्ये पुन्हा.

तो विझला होता का? इथे त्याचा जोडीदार साक्षीला आला. क्ष-किरणांच्या माऱ्याने जोडीदाराची एक बाजू तापते, त्यामुळे तो साध्या प्रकाशातही १.७ दिवसांच्या तालावर उजळतो आणि मंदावतो. या गायब होण्याच्या काळात जोडीदार तसाच तापत होता. म्हणजे चूल पेटलेली होती, पडदा मात्र जास्तच ओढला गेला होता.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. हा जोडीदार, एचझेड हर्क्युलिस, १९३६ पासून ‘बदलता तारा’ म्हणून नोंदलेला होता. क्ष-किरण खगोलशास्त्राचा तेव्हा मागमूसही नव्हता. उहुरूचा शोध लागल्यावर काही जणांना सुचले की हार्वर्डच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासूनच्या काचेच्या छायाचित्रपट्ट्या पडून आहेत, त्यात हा तारा कसा दिसतो ते पाहावे. या पट्ट्या सुमारे पाच लाख आहेत. त्या कुणी क्ष-किरणांसाठी घेतल्या नव्हत्या. रोज रात्री आकाशाचे फोटो काढायचे आणि नोंद करून फडताळात ठेवायचे, एवढेच. ते फोटो तपासण्याचे काम बरीच वर्षे अत्यल्प पगारावर बायका करत असत. त्या पट्ट्यांतून निघाले ते असे: काही काळ असे होते, सलग काही वर्षांचे, की तेव्हा जोडीदार तापतच नव्हता. म्हणजे त्या वर्षांत पडदा ओढलेला नव्हता, चूलच थंड होती. क्ष-किरण पाहण्याचे यंत्र जन्माला येण्याआधीचा क्ष-किरणांचा इतिहास काचेवर उमटून बसला होता. ज्यांनी तो नोंदवला त्यांना आपण काय नोंदवतोय हे माहीतही नव्हते.

मला विचाराल तर आपल्या माहितीत अशी चमत्काराची जागा ही आहे. पण यावर व्हिडिओ निघत नाही, कारण यात कुणी आधीच सगळे जाणत नव्हता. सगळे न जाणता नीट लिहून ठेवणारे लोक होते, आणि त्यातल्या बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

हर्क्युलिस एक्स-१ ची आणखी एक हकीकत सांगून पुढे जातो. १९७६ मध्ये फुग्यातून पाठवलेल्या उपकरणाने त्याच्या क्ष-किरणांत एक खास खूण टिपली. तिच्यावरून न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र थेट मोजता येते. असे मोजमाप पहिल्यांदाच होत होते. ती खूण साधारण ४० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेपाशी असते. एकदा मोजले, आकडा मिळाला, पाठ्यपुस्तकात गेला. पण काही लोक मोजतच राहिले. तेव्हा दिसले की १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती खूण एकदम वर सरकली, आणि मग १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २०१२ पर्यंत सावकाश खाली घसरत राहिली. त्यानंतर घसरण थांबली. ताऱ्याचे मूळ क्षेत्र इतक्या झपाट्याने बदलणे कठीण आहे. ध्रुवापाशी साचणाऱ्या मालाच्या ढिगाची उंची किंवा ठेवण बदलत असावी, असा एक तर्क आहे. तर्क बरोबर निघेल की चुकेल, हे पुढची वीस वर्षे मोजल्याशिवाय कळणार नाही.

फिरकीचे प्रकरण तर याहून मजेचे. आत पडणारा वायू फिरत फिरत येतो, त्यामुळे तो ताऱ्याला फिरवतो, जसे मूल भोवऱ्याला जाता जाता चापट्या मारते. म्हणजे असे तारे काळानुसार अधिकाधिक वेगाने फिरत जावेत. सत्तरच्या दशकात तसेच दिसत होते. जीएक्स १+४ हा पल्सार १९७० च्या सुमारास एका फेरीला सव्वादोन मिनिटे घेत होता, १९८० पर्यंत दोन मिनिटांच्या आत आला. इतक्या वेगाने वेग वाढवणारा दुसरा तारा माहीत नव्हता. सिद्धान्त खूश, शास्त्रज्ञ खूश. मग १९८३-८४ मध्ये एक्सोसॅटने पाहिले तर तो सापडलाच नाही. १९८७ मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहाला तो पुन्हा दिसला, तेव्हा तो उलट मंदावत चालला होता. मधल्या काळात, कुणी पाहत नसताना, त्याने दिशा बदलली होती. या ताऱ्याचे ठोके पुढे आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनीही हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांतून मोजले.

४यू १६२६-६७ ही तर ओळीने सांगण्यासारखी कहाणी. नावातला ‘४यू’ म्हणजे उहुरूची चौथी यादी. हा पल्सार ७.७ सेकंदांत एक फेरी घेतो आणि जोडीदाराभोवती अवघ्या ४२ मिनिटांत फिरतो. १९७७ मध्ये त्याची स्पंदने सापडली तेव्हापासून तो वेग वाढवत होता. १९९० च्या सुमारास उलटला आणि मंदावू लागला. सुमारे अठरा वर्षे मंदावत राहिला. २००८ च्या फेब्रुवारीत पुन्हा उलटला, वेग वाढवू लागला. आणि पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा उलटला. सध्या तो मंदावतोय.

१९८० मध्ये ज्याने या ताऱ्यावर प्रबंध लिहिला असेल, त्याच्या दृष्टीने हा ‘वेग वाढवणारा तारा’. २००० मध्ये लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ‘मंदावणारा तारा’. दोघांनी खरेच लिहिले, दोघांची मोजणी अचूक होती. एका माणसाच्या संशोधनाच्या उमेदीत या ताऱ्याचा एखादाच श्वास मावतो. तो श्वास आत घेतोय की बाहेर सोडतोय, हे नशिबावर.

२००८ ची उलटापालट कशी पकडली गेली तेही पाहण्यासारखे आहे. १९९१ पासून कॉम्प्टन नावाच्या मोठ्या उपग्रहावरचे बॅट्सी हे उपकरण अशा पल्सारांच्या फिरकीची सतत नोंद ठेवत होते. उपग्रहाचा एक जायरोस्कोप बिघडला, तो आणखी बिघडून कुठेही कोसळेल या भीतीने जून २००० मध्ये नासाने त्याला मुद्दाम समुद्रात पाडले. पुढचे तसेच काम करणारे उपकरण, फर्मी उपग्रहावरचे, वर गेले ते जून २००८ मध्ये. म्हणजे उलटापालट होऊन चार महिने झाल्यावर. ती निसटलीच असती. पण स्विफ्ट नावाचा उपग्रह गॅमा किरणांच्या स्फोटांची वाट पाहत २००४ पासून वर फिरत होता, आणि वाट पाहता पाहता समोर येईल त्याची नोंद ठेवत होता. ती जुनी नोंद उघडली तर सगळे तिथे होते. तारा सुमारे पाच महिने घेऊन हळूहळू वळला होता. १९९० चे वळण असे कुणी पाहिलेले नाही. दोन मोजमापांच्या मध्ये रेघ ओढून ते कधी झाले असावे याचा अंदाज केलेला आहे.

आणि आता आपल्या अंगणातली गोष्ट. एक्सएसएस जे१२२७०-४८५९ असे अवघड नाव असलेला एक क्ष-किरण स्रोत आहे. त्याच्याभोवती तबकडी होती, तो क्ष-किरणांत चमकत होता. २०१२ च्या अखेरीस त्याची चमक एकाएकी उतरली, साध्या प्रकाशातही तो मंदावला, तबकडीच्या खुणा नाहीशा झाल्या. सिद्धान्त असे सांगत होता की जोडीदाराचा माल खाऊन खाऊन न्यूट्रॉन तारे प्रचंड वेगाने फिरू लागतात आणि खाणे थांबले की रेडिओ पल्सार होतात. तेव्हा याचे खाणे थांबले असेल तर रेडिओत ठोके यायला हवेत. ते ऐकले नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीने. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, आजूबाजूला द्राक्षाचे मळे आणि टोमॅटोची शेते. पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतले जयंता रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की हा तारा सेकंदाला सुमारे ५९० वेळा फिरतोय. क्ष-किरण जोडी रेडिओ पल्सार झाल्याचे उदाहरण आपल्या हाताशी आले. नेमका याच्या उलट प्रवास आणखी एका ताऱ्याने २०१३ च्या जूनमध्ये केला: रेडिओतले ठोके बंद, तबकडी हजर. म्हणजे ही एकदाच ओलांडायची वेस नाही, ते ये-जा करतात.

खोडदला दरवर्षी विज्ञान दिनाला शाळांच्या सहली जातात, मुले थाळ्यांसमोर फोटो काढतात. त्या थाळ्यांनी काय ऐकले हे किती जणांना सांगितले जाते, मला शंका आहे.

या सगळ्यात माझे म्हणणे काय? ताऱ्यांच्या या जमातीबाबत आपल्याला जे काही भरवशाचे ठाऊक आहे, ते मोठ्या दुर्बिणींच्या एका नजरेपेक्षा लहान यंत्रांच्या न संपणाऱ्या पहाऱ्यातून आले आहे. १९९५ च्या डिसेंबरात गेलेल्या आरएक्सटीई उपग्रहावर एक लहानसा पहारेकरी होता, तीन कॅमेऱ्यांचा. दर दीड तासाला तो आकाशाचा सुमारे ऐंशी टक्के भाग चाळायचा. चित्र धूसर, तपशील जेमतेम. त्याने ते सोळा वर्षे केले, जानेवारी २०१२ मध्ये उपग्रह बंद होईपर्यंत. लघु मॅगेलनी मेघातल्या एका पल्सारचे चक्र कधी चाळीस दिवसांचे असते आणि कधी साठ दिवसांचे, ते कसे लांबत-आखडत जाते, हे त्याच्या कंटाळवाण्या आलेखांतून नीट दिसले. २००९ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जपानचे मॅक्सी हे उपकरण तेच काम करते.

पण अशा कामाला कोण विचारतो? उड्डाणाच्या दिवशी टीव्हीवर उलटी मोजणी, पंतप्रधानांचे अभिनंदन, पेढे. सतराव्या वर्षी तोच उपग्रह तीच नोंद करत असतो, तेव्हा त्याच्या खर्चावर कुणीतरी लाल पेन फिरवते. पीएचडीच्या विद्यार्थ्याला पाच वर्षांत निकाल हवा, प्राध्यापकाला बढतीसाठी शोधनिबंध हवा. ‘मी आलेख तुटू दिला नाही’ यासाठी कुणाला बढती मिळाल्याचे मी ऐकलेले नाही.

हा रोग आजचा नाही, आणि फक्त सरकारचाही नाही. हुलागूने बगदाद उद्ध्वस्त केले त्याच्या पुढच्याच वर्षी, १२५९ मध्ये, नसीरुद्दीन तूसीने त्याच्याकडून मराग्याची वेधशाळा उभी करून घेतली. तूसीचे म्हणणे होते की ग्रहांची नवी कोष्टके करायला तीस वर्षे हवीत, कारण जुहलला एक फेरी घ्यायला जवळपास तेवढी लागतात. हुलागूला घाई होती, त्याने बारा वर्षांत आटपायला सांगितले. उरलेले जुन्या नोंदींवरून भरून काढावे लागले. इस्तंबूलमध्ये तकीउद्दीनची वेधशाळा १५७७ मध्ये उभी राहिली आणि १५८० मध्ये सुलतानाच्या हुकमाने पाडली गेली. आपल्या सभांमध्ये ‘मुसलमानांचे विज्ञानातील योगदान’ या विषयावर भाषण झाले की मराग्याचे नाव अभिमानाने येते. तूसीचा तीस वर्षांचा हट्ट मात्र कुणी सांगत नाही. माझ्या मते त्याच्या नावासोबत घेण्यासारखी गोष्ट तीच आहे.

भारतापुरते बोलायचे तर चित्र अगदीच निराशेचे नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने अॅस्ट्रोसॅट सोडला. त्यावरचे लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईत कुलाब्याला टाटा संस्थेत घडले, खास अशा वेगाने बदलणाऱ्या क्ष-किरण स्रोतांसाठी. उपग्रहाचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे होते, तो त्याच्या दुप्पट काळ टिकला. लॅक्सपीसीच्या तीन संचांपैकी एकाची वायुगळती होऊन तो मध्येच बंद करावा लागला, तरी काम चालू राहिले. २०२४ च्या १ जानेवारीला एक्सपोसॅट गेला, क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजायला. ही दोन्ही कामे मोठी आहेत. पण दोन्हींची मुख्य यंत्रे एका वेळी एका ताऱ्याकडे पाहणारी. संपूर्ण आकाशावर वर्षानुवर्षे पहारा देणारे यंत्र ही वेगळी चीज आहे. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘दक्ष’ नावाच्या दोन उपग्रहांच्या जोडीचा प्रस्ताव मांडला गेला आहे, सगळ्या आकाशावर एकाच वेळी नजर ठेवण्यासाठी. त्याचा मुख्य रोख स्फोटांवर आहे, पण स्विफ्टचे आपण पाहिलेच: स्फोटांची वाट पाहणारा डोळा पल्सारची वळणेही टिपतो. मला वाटते अशा प्रस्तावावर पैसा खर्च करावा, आणि मंजुरीच्या कागदावर उड्डाणाच्या खर्चाशेजारी विसाव्या वर्षाच्या खर्चाचाही रकाना असावा. नोंदी जपून ठेवण्याचा रकाना तर आधी. काचेच्या पट्ट्या फडताळात टिकल्या म्हणून उपयोगी पडल्या.

यावर मला नेहमीचा प्रश्न विचारला जाईल: आपल्या समाजापुढे शिक्षणाचे, रोजगाराचे, सुरक्षिततेचे प्रश्न असताना हे पल्सारचे काय घेऊन बसलात? प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो विचारणारे बहुधा तेच असतात ज्यांना तारिकचा व्हिडिओ पाठवताना हे प्रश्न आठवत नाहीत. त्यांच्यासाठी एक व्यवहाराची माहिती. अॅस्ट्रोसॅटची ठरावीक मुदतीनंतर खुली होणारी निरीक्षणे, आरएक्सटीईची सोळा वर्षांची नोंद, मॅक्सीचे रोजचे आलेख, फर्मीने मोजलेली पल्सारांची फिरकी, हे सगळे इंटरनेटवर उपलब्ध आहे. शुल्क नाही, जातीचा दाखला नाही, शिफारसपत्र नाही. मालेगावच्या किंवा परभणीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीला एक बरा लॅपटॉप, थोडी प्रोग्रॅमिंगची ओळख आणि दाद देणारा एखादा शिक्षक मिळाला, तर ४यू १६२६-६७ चा आलेख ती घरी बसून काढू शकते. १९९० ते २००८ ची उतरण आणि त्यानंतरची चढण तिला स्वतःच्या पडद्यावर दिसेल. त्या आलेखात बॅट्सी आणि फर्मीच्या मध्ये आठ वर्षांची विरळ जागाही तिला दिसेल, आणि ती तिथे का आहे हेही ती विचारेल. आमच्या शैक्षणिक संस्था ‘इस्लाम आणि विज्ञान’ या विषयावर दरवर्षी निबंधस्पर्धा घेतात. एखाद्या वर्षी त्याऐवजी असा एक आलेख काढायला सांगा, एवढी माझी सूचना आहे. बक्षिसाची रक्कम तीच ठेवा.

४यू १६२६-६७ चा हिशेब तूर्त असा आहे. आधी निदान तेरा वर्षे चढण, मग अठरा वर्षे उतरण, मग पंधरा वर्षे चढण, आणि २०२३ पासून पुन्हा उतरण. पुढचे वळण कधी येईल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण मागचे धरून चालले तर २०४० च्या आसपास नजर ठेवावी लागेल. मॅक्सी ज्या अवकाश स्थानकावर बसवलेले आहे, ते २०३० नंतर खाली आणण्याची योजना आहे. स्विफ्टने विशी ओलांडली आहे. फर्मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान.